रात्रपाळीला किती सिस्टर आहेत, ते वॉर्डाच्या दारावर लिहा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले, त्याला तीन वर्षे होतील. नोकरी चौतीस वर्षांची. त्यातली सव्वीस वर्षे अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून तिन्ही पाळ्या केल्या. पुढची आठ वर्षे वॉर्डाची इन्चार्ज होते, म्हणजे ड्युटी लिस्ट लावायचे काम माझ्याकडे आले. परिचारिकांची टंचाई म्हणजे काय, हे ड्युटी लिस्ट लावणाऱ्या बाईला दर महिन्याच्या अखेरीस नव्याने कळते. तुम्हा दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण जिल्हा रुग्णालयातली सिस्टर एका खात्याची आणि मेडिकल कॉलेजातली दुसऱ्या खात्याची असली, तरी रुग्ण तोच असतो. आज इथून रेफर होतो, उद्या तिथे जाऊन पडतो.

विधानसभेत प्रश्न आला की उत्तर ठरलेले असते: मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी, रिक्त इतकी, भरतीची कार्यवाही सुरू आहे. या उत्तरात खोटे काही नसते. पण या उत्तरात रात्र नसते. सकाळी नऊला डॉक्टरांचा राऊंड चालू असताना वॉर्ड भरलेला दिसतो. सिस्टर, शिकाऊ मुली, इंटर्न, मावशी, मामा, सगळे असतात. तोच वॉर्ड रात्री दोन वाजता पाहिला, तर आकड्यांचा अर्थ बदलतो.

हिशेब करून दाखवते. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तिनांमागे एक असे आहे; वर ३० टक्के रजा राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी धरलेली जादा पदे. साठ खाटांचा वॉर्ड घ्या. पाचांमागे एक म्हणजे बारा पदे, रजा राखीव धरून सोळा. समजा ही सोळाच्या सोळा पदे भरली आहेत, जे मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिले नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ आठवडी सुट्ट्या, ३० अर्जित रजा आणि ८ नैमित्तिक रजा वजा केल्या, की एका बाईचे कामाचे दिवस उरतात २७५. सोळा जणींचे मिळून ४,४००. ते ३६५ दिवसांवर वाटले, की दिवसाला बारा जणी हाती येतात. सकाळी सहा लावल्या, कारण राऊंड, ड्रेसिंग, ऑपरेशनला पाठवणे, डिस्चार्ज हे सगळे सकाळीच असते, तर दुपारी तीन आणि रात्री तीन उरतात. साठांना तीन. सगळी पदे भरलेली, कुणी आजारी नाही, कुणी बाळंतपणाच्या रजेवर नाही, कुणाची ट्रेनिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला नेमणूक नाही, असे धरूनसुद्धा रात्री वीस रुग्णांमागे एक सिस्टर.

आता त्यातली एक तृतीयांश पदे रिकामी ठेवा. सोळाच्या अकरा झाल्या, दिवसाला आठ. सकाळी चार, दुपारी दोन, रात्री दोन. तिसांमागे एक. आणि साठ खाटांच्या वॉर्डात साठच रुग्ण असतात असे कुणी सांगितले? पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाची साथ आली की गाद्या खाली टाकाव्या लागतात आणि नव्वद होतात. मग एकेकीकडे पंचेचाळीस. पाचांमागे एक हे प्रमाण कागदावर आहे तिथेच राहते आणि वॉर्डात पंचेचाळिसांमागे एक उरते. यात कुणी नियम मोडलेला नसतो, हे मला सर्वांत जास्त लागते.

पंचेचाळीस रुग्ण म्हणजे काय, तेही सांगते. रात्री आठला ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या पाळीकडून प्रत्येक रुग्णाची माहिती समजून घ्यायची. प्रत्येक खाटेपाशी जाऊन ओव्हर घ्यावी असे आम्हाला शिकवले, मीही मुलींना तेच शिकवले. दोन मिनिटे धरली तरी दीड तास जातो, म्हणून रजिस्टरवरच ओव्हर होते. दहाच्या डोसची इंजेक्शने तीस जणांना आहेत. कुपी फोडायची, औषध विरघळवायचे, नाव-खाट ताडून पाहायची, शीर चालू आहे का बघायचे, हळूहळू द्यायचे, लिहायचे. चार मिनिटांत एक जरी उरकले तरी दोन तास. दहाचा डोस संपायला बारा वाजतात. त्यात एखादी नवी ॲडमिशन आली, एखाद्याची सलाईनची सुई निघाली, कुणाला झटका आला, तर साखळी तिथेच तुटते. दोनचे टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजणे, राहतात. लघवी किती झाली ते मोजायचे राहते. सकाळी पाचला रक्ताचे नमुने घ्यायचे असतात आणि चार्ट तर सकाळच्या राऊंडला पूर्ण लागतो. मग चार्ट पूर्ण होतो. तो कसा पूर्ण होतो, हे या खात्यात ज्यांनी ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक आहे. मीही तसे आकडे लिहिले आहेत. आज नोकरीची भीती नाही म्हणून सांगते आहे, आणि सांगताना मान खाली जाते.

एका आजोबांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. खुब्याचे हाड मोडून आले होते, ऊसतोड कामगाराचे वडील. मुलगा-सून कारखान्यावर, सोबतीला दहा-अकरा वर्षांचा नातू. पायाला वजन लावलेले, कूस बदलता येत नाही. अशा रुग्णाला दर दोन तासांनी थोडे उचलून पाठ पुसायची, पावडर लावायची, चादरीची सुरकुती काढायची, दाब पडतो ती जागा बघायची. यात कसलीही मोठी विद्या नाही, फक्त दोन माणसे आणि दहा मिनिटे लागतात. त्या आठवड्यात रात्री मी एकटी होते, दुसरी सिस्टर अतिदक्षता विभागात खेचली गेली होती. मी पहिल्या रात्री दोनदा नातवाला उठवून, त्याच्या मदतीने आजोबांची पाठ बघितली. दुसऱ्या रात्री एकदा. तिसऱ्या रात्री शेजारच्या खाटेवर विष घेतलेला मुलगा आला आणि सकाळ कधी झाली कळलेच नाही. नवव्या दिवशी माकडहाडावर जखम उघडी पडली होती, तळहाताएवढी. पुढे तीन आठवड्यांनी ते गेले. केसपेपरवर कारण लिहिले गेले सेप्टिसेमिया, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. ते बरोबरच होते. पण त्या केसपेपरवर कुठेच अशी जागा नव्हती, जिथे लिहावे की त्या रात्रींत या माणसाची पाठ दर दोन तासांनी बघायला कुणी नव्हते.

महोदय, टंचाईने मेलेल्या माणसाच्या कागदावर टंचाई कधीच लिहिलेली नसते. औषध नसले तर ‘औषध उपलब्ध नाही’ असे लिहायची सोय आहे. यंत्र बंद असेल तर तक्रारवही आहे. सिस्टर नसेल, तर त्यासाठी रकाना नाही.

याच राज्यात उलट गोष्टही घडलेली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या मे २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. जवळजवळ बेचाळीस वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, त्यांची सेवा केली आणि इतकी वर्षे पडून असलेल्या त्या बाईच्या अंगावर एक बेडसोअर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचा आदराने उल्लेख केला. मी विद्यार्थिनींना हे दरवर्षी सांगत असे. हाताला वेळ मिळाला तर आमची माणसे काय करू शकतात, याचा तो पुरावा आहे. माझ्या वॉर्डातल्या मुली त्या सिस्टरांपेक्षा कमी मायेच्या होत्या असे मी मानत नाही.

सिस्टर कमी असल्या की माणसे जास्त मरतात, हे मोजूनही झाले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. तिथे तुलना होती ती एका नर्सकडे चार रुग्ण असणे आणि आठ असणे यांची. आमच्या पंचेचाळिसांचे काय होत असेल, ते कुणी मोजलेले मला माहीत नाही.

आता दोष कोणाकडे जातो ते बघा. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली, दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण दगावले. भंडाऱ्यात परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला, नगरला परिचारिकांना अटक झाली. खटल्यांविषयी मी काही बोलणार नाही, ते न्यायालयाचे काम आहे. ज्या आयांची बाळे गेली त्यांच्यापुढे तर कुठलाच युक्तिवाद तोंडातून निघत नाही. मी एवढेच विचारते: त्या पाळीला किती बाळांमागे किती सिस्टर नेमायला हव्या होत्या आणि ती नेमणूक करण्याची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न चौकशीत तितक्याच जोराने का विचारला जात नाही? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ मृत्यू झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदांविषयी विचारणा केली. न्यायालयाने विचारेपर्यंत ते विचारायचे राहून का जाते?

आणि या रिकाम्या जागा भरायला मुलीच मिळत नाहीत, असे कुणी म्हणाले तर कृपया विश्वास ठेवू नका. माझ्या एकट्या तालुक्यात जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या, परिषदेची नोंदणी असलेल्या मुली घरी बसलेल्या मला माहीत आहेत. काही खासगी नर्सिंग होममध्ये दहा-बारा हजारांवर बारा-बारा तास राबतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही किमान २० हजार पगार असावा आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी वेतनाइतका असावा, अशी शिफारस केली. त्या शिफारशीची प्रत मी माझ्या एका विद्यार्थिनीला दिली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, हे दाखवलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील.’

सरकारी भरतीच्या जाहिरातीची या मुली वर्षानुवर्षे वाट पाहतात. जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रे, न्यायालयीन स्थगिती, नेमणूक यात एवढा काळ जातो, की तेवढ्यात तितक्याच जणी निवृत्त झालेल्या असतात. मधला खड्डा अकरा महिन्यांच्या कंत्राटाने भरला जातो. कंत्राटी सिस्टर आणि कायम सिस्टर एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, तेच इंजेक्शन देतात, पगार मात्र वेगळा. आणि अकरावा महिना जवळ आला की त्या मुलीचे चित्त कामात राहत नाही. मे २०२२ मध्ये परिचारिका संपावर गेल्या तेव्हा बाह्यस्रोतातून भरती नको, ही त्यांची मोठी मागणी होती. ती पगाराच्या हव्यासाची मागणी म्हणून वाचली गेली, याचे मला वाईट वाटले. वॉर्ड ही शिकत-शिकत पक्की होण्याची जागा आहे. नव्या मुलीला घाबरलेले मूल आणि धाप लागलेले मूल यांतला फरक ओळखू यायला निदान दोन वर्षे लागतात. दर वर्षी माणसे बदलली, तर ते ओळखणारे डोळे वॉर्डात उरत नाहीत.

ज्या जाऊ शकतात त्या परदेशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अहवालात जगभरात ५९ लाख परिचारिका कमी असल्याचे म्हटले होते. श्रीमंत देश ही उणीव आपल्यासारख्या देशांतून भरून काढतात. आखाती देश जुने, आता जर्मनी आहे. आपल्याच सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. माझी भाचीही जर्मन शिकते आहे. मी तिला अडवणार नाही, उलट फीचे पैसे मी दिले. तिथे तिला ठरलेले तास आणि ठरलेले रुग्ण मिळतील. ती जाताना मला आनंद होईल आणि आमच्या वॉर्डातली एक जागा कायमची गेली हेही कळेल.

एक गोष्ट मंत्रालयातून दिसत नाही म्हणून सांगते. आहेत त्या सिस्टरांचा किती वेळ रुग्णाजवळ जातो? चतुर्थ श्रेणीची पदे रिकामी, म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलायला सिस्टर, रक्तपेढीत धावायला सिस्टर. औषधाचा इंडेंट म्हणजे मागणीपत्र, ऑनलाइन नोंद, लिननचा हिशेब, धोब्याकडून आलेल्या चादरी मोजणे, जेवणाची संख्या कळवणे, योजनांचे अर्ज भरून घेणे, नळ गळतो म्हणून बांधकाम खात्याला पत्र देणे, हे सगळे नर्सिंग स्टेशनवर येते. मी इन्चार्ज असताना एकदा पंधरा दिवस वहीत लिहून काढले होते. सकाळपाळीतल्या एका सिस्टरचा जवळजवळ निम्मा वेळ रुग्णाला हात न लावता जात होता. प्रत्येक वॉर्डाला एक लिपिक आणि पाळीला दोन मदतनीस दिले, तर एकही नवी सिस्टर न नेमता रुग्णांना सिस्टर मिळेल. हा उपाय स्वस्त आहे. तो मी तीनदा लेखी दिला होता.

आणखी एक. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, जालना अशा ठिकाणी डॉक्टर तयार होतील, याचा मला खरोखर आनंद आहे. माझ्या काळात हिंगोलीचा रुग्ण नांदेडला नेताना वाटेत जायचा. पण जिल्हा रुग्णालयावर महाविद्यालयाची पाटी लागली की परिचर्येचे प्रमाण पाचावरून तिनांमागे एक होते. म्हणजे इमारत तीच, खाटा त्याच धरल्या तरी सिस्टर बऱ्याच जास्त लागणार. महाविद्यालयाला मान्यता देताना प्राध्यापक मोजले जातात, ते जागेवर आहेत का हे तपासले जाते. रात्रपाळीच्या सिस्टर तशाच मोजाव्यात, अशी माझी विनंती आहे.

सिस्टरांच्या स्वतःच्या शरीराबद्दल फार लिहीत नाही. पायांच्या फुगलेल्या शिरा, चाळिशीतला रक्तदाब, लेकराच्या परीक्षेला नाकारलेली रजा, आणि नातेवाइकांच्या रागाचा पहिला हात. डॉक्टर येईपर्यंत समोर सिस्टरच असते. हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० पासून आहे, पण रात्री दोनला वॉर्डात कायदा वाचून दाखवता येत नाही. तिथे दुसरे माणूस लागते.

माझ्या मागण्या फार नाहीत. पदे भरा, हे सगळेच म्हणतात, मीही म्हणते. पण त्याआधी एक गोष्ट करा, जिला ना भरती लागते ना परीक्षा. प्रत्येक सरकारी रुग्णालयात, प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक फळा लावा. त्यावर तिन्ही पाळ्यांत, पाळी सुरू होताना, चार आकडे लिहायचे: मंजूर खाटा, आजचे रुग्ण, या पाळीला नियमाप्रमाणे हव्यात त्या सिस्टर, आणि प्रत्यक्ष हजर सिस्टर. रोज तेच आकडे संकेतस्थळावर जावेत. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हलगर्जीची मोठी चौकशी झाली आणि त्यानंतर २०१४ पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांना वॉर्डात ठरलेल्या आणि हजर असलेल्या परिचारिकांची संख्या लोकांना दिसेल अशी लावावी लागते. कॅलिफोर्नियात तर २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असू शकतात, हे कायद्यानेच बांधले आहे, आणि ते पाळी-पाळीला पाळावे लागते. आपल्याकडे तो कायदा यायला वेळ लागेल. फळ्याला लागणार नाही.

फळ्यामुळे सिस्टर वाढणार नाहीत, हे मला कळते. पण आजोबांच्या नातवाला कळेल, की सिस्टर हाकेला आली नाही ती का आली नाही. रागावलेल्या नातेवाइकाला कळेल, की समोरच्या बाईकडे अजून चव्वेचाळीस जण आहेत. पालकमंत्री पाहणीला आले तर त्यांना विचारावे लागणार नाही, वाचता येईल. आणि उद्या एखादी दुर्घटना झाली, तर त्या रात्रीचा फळा चौकशीच्या फायलीत पहिल्या पानावर लागेल. आज जो रकाना कुठल्याच कागदावर नाही, तो निदान भिंतीवर तरी होईल.

काही रुग्णालयप्रमुख म्हणतील, यामुळे बदनामी होईल. मी त्यांना ओळखते, त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपापल्या परीने पदांसाठी पत्रे लिहून लिहून हात दुखवून घेतले आहेत. त्यांच्या पत्रांमागे हा फळा उभा राहिला तर त्यांचेच काम सोपे होईल.

माझ्या शेवटच्या रात्रपाळीचे आकडे मला पाठ आहेत. इन्चार्ज असूनही त्या रात्री मी गेले होते, कारण लिस्टमध्ये नाव घालायला कुणी उरले नव्हते. मंजूर खाटा साठ, रुग्ण ब्याऐंशी, साठ खाटांना पाचांमागे एक धरून हव्यात बारा, हजर दोन. त्यातली एक मी.

या पत्राचे वेगळे उत्तर पाठवू नये. फळ्याचा शासन निर्णय निघाला, तर तो मी वाचेन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका